न लिहिलेले पेन

आमच्यापाशी लाकडाची दोन पेने आहेत. एक इंग्लंडहून आलेले, ओकचे. दुसरे आमच्याच धर्मग्रामातील एका वृद्ध सुताराने घडविलेले, सागाचे. दोन्ही लाकडांनी कधीकाळी समुद्र पाहिला आहे. त्यांतील दुसऱ्या पेनाविषयी वाचकांपाशी आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे.

पहिले पेन व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका तरुणाने भेट म्हणून आणले. १७६५ साली पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेच्या लाकडातून ते कातलेले होते. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत ॲडमिरल नेल्सन याच नौकेवर मरण पावला. १९२२ पासून ती पोर्ट्‌समथच्या कोरड्या गोदीत उभी आहे. दुरुस्तीच्या वेळी कुजलेल्या फळ्या काढाव्या लागतात. त्यांतील शाबूत तुकड्यांतून कारागीर अशा वस्तू करतात. पेनासोबत प्रमाणपत्रही होते. संतांच्या अवशेषांकडे पाहावे, तशा आदराने आम्ही ते वाचले.

रविवारच्या मिस्सानंतर ते पेन आम्ही मिस्त्रीकाकांना दाखविले. त्यांची सारी हयात मुंबईच्या गोदीत सुतारकामात गेलेली. प्रमाणपत्राकडे त्यांनी पाहिलेही नाही. पेन उजेडात धरून त्यावरील एका निळसर काळ्या डागावर बोट ठेवीत ते म्हणाले, “इथं लोखंडी खिळा होता, फादर. ओकचा रस आंबट. तो लोखंडाला खातो. आपला साग तेलकट. तो खिळ्याला सांभाळतो.”

सागाच्या याच गुणामुळे मुंबईच्या गोदीला नाव मिळाले. १७३६ साली सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने येथे पिढ्यानपिढ्या जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरली; इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे. वाडियांचे नाव ग्रंथांत आहे. ज्यांनी त्या फळ्यांवर रंधा मारला, त्या सुतारांची नावे कोणाला ठाऊक?

काही महिन्यांनी काकांनी आम्हांला घरी बोलाविले. जुनी जहाजे मोडून त्यांचे सामान जेथे विकले जाते, त्या मुंबईच्या दारुखान्यातून त्यांनी पूर्वी एक सागाची फळी आणून ठेवली होती. नौदलाच्या मोडीत निघालेल्या जहाजाची ती, एवढेच त्यांना विक्रेत्याने सांगितले होते. प्रथम त्यांनी फळीवरून लोहचुंबक फिरविले. आत मोडलेला खिळा राहिला असेल तर पटाशीची धार जाते. मग वीतभर तुकडा कापून, त्याचे दोन भाग करून, त्यांत मधोमध भोके पाडली. साग तेलकट, त्यामुळे डिंक धरत नाही; म्हणून भोके स्पिरिटने पुसून त्यांत पितळी नळ्या चिकटविल्या. लेथवर तुकडा फिरू लागला आणि समुद्राने करडी केलेली साल उडून आतून सोन्यासारखा रंग निघाला. दोन तुकडे जुन्या भेगांपाशी चिरफळले. तिसरा साधला. पॉलिश पेपर, मग मेणाचा हात, आणि आत नाक्यावरच्या दुकानात मिळणारी साधी रिफील.

“हे लिहायला दिलंय हां, फादर,” काका म्हणाले.

आम्ही मात्र ते मखमली पेटीत, प्रमाणपत्राच्या पेनाशेजारी ठेवून दिले. अशी वस्तू रोजच्या कामात झिजवू नये, अशी आमची समजूत. दर रविवारी काका विचारीत, “चालतं ना?” आणि आम्ही म्हणत असू, “उत्तम चालतं.” पेटी उघडलीही नव्हती. सात महिने आम्ही त्या भाबड्या माणसाशी खोटे बोलत होतो. तेही वेदीवरून उतरल्या उतरल्या.

एका पहाटे काका ख्रिस्तवासी झाले. दफनविधी आटोपून आम्ही नोंदवही उघडली, नेहमीचे बॉलपेन हाती घेतले आणि खाली ठेवले. पेटीतील पेन काढून नाव लिहू लागलो, तो शाई उतरेना. पडून पडून रिफील वाळली होती. शाळकरी मुलाला नाक्यावर पिटाळून नवी आणविली, तोवर आम्ही कोऱ्या रकान्यांपुढे बसून राहिलो. मग नाव, वय, गाव लिहिले. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘सुतार’ लिहिताना अक्षर हलले. पेन मात्र हातात सहज बसले होते. आमची बोटे बेतूनच जणू त्यांनी ते कातले होते.

या असत्याची कबुली आम्ही पापनिवेदनात दिली आहे. परंतु ज्यांना खरे उत्तर द्यावयाचे होते, ते आता विचारायला येत नाहीत.

तेव्हापासून आमच्या धर्मग्रामातील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी त्याच पेनाने होतात. बोटांच्या जागी मेण उडाले आहे. साग घामाने काळवंडला आहे. वाचकहो, आपल्या कपाटांतही लग्नात मिळालेले बायबल असेल, आजीने दिलेली रोझरी असेल, जपून ठेवलेली. देणारी माणसे आहेत तोवर त्या बाहेर काढाव्यात. आम्हांला उशीर झाला.