लुंबिनीच्या वाटेवरचा आडवा बांबू

जुलै २०२५ मध्ये पिप्रहवा येथील स्तूपातील रत्ने भारतात परत आली. ती बातमी आमच्या विहारात वाचून दाखवण्यात आली. १८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने हा स्तूप उकरला होता. बुद्धांच्या अस्थींबरोबर ठेवलेल्या रत्नांपैकी काही त्याच्या घराण्याकडेच राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव ठरला, तेव्हा भारत सरकारने हरकत घेतली आणि तो थांबला. बातमी संपली तशा मागे बसलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, तिथं आपण गेलो होतो की! तिथूनच पुढं तो बांबू आडवा आला होता."

सारा विहार हसला. पण त्या बांबूने आमच्या वस्तीला काय शिकवले हे सर्वांनाच ठाऊक नाही. धम्मयात्रेला निघणाऱ्या बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून ही हकिकत येथे देत आहोत.

फेब्रुवारी २०१९ ची गोष्ट. नाशिक रोडहून कुशीनगर एक्स्प्रेसने आम्ही नऊ जण गोरखपूरला निघालो. नऊ जण म्हणजे खरे तर दोन तुकड्या होत्या. आमच्या वस्तीत वरची आळी आणि खालची आळी अशी दोन मंडळे. विहार एकच, पण त्याच्या आवारातील बोअरिंगच्या पाण्यावरून आणि मोटारीच्या वीजबिलावरून वाद पेटला होता. पाणी कोणी किती भरायचे, बिल कोणी भरायचे आणि किल्ली कोणाकडे राहायची, येथून सुरू झालेले भांडण बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत पोहोचले. दोन वर्षे १४ एप्रिलला दोन मिरवणुका निघाल्या. हे लिहिणारे आम्ही वरच्या आळीचे चिटणीस, तेव्हा आमचेही हात त्यात स्वच्छ नव्हते. एकत्र निघालो ते केवळ गाडीभाडे वाटून घेतले तर परवडते म्हणून. डबे वेगळे आणि हिशेबाच्या वह्याही वेगळ्या.

निघताना एक प्रसंग घडला. खालच्या आळीच्या महिलांनी दर आठवड्याला वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपये जमवून यात्रेची वर्गणी उभी केली होती. त्यांच्यात धुणीभांडी करणाऱ्या होत्या, बांधकामावर जाणाऱ्या होत्या. ती सारी रक्कम आजींच्या कापडी पिशवीत होती. आमच्या खजिनदारांनी बँकेतून पाचशेच्या करकरीत नोटा आणलेल्या. ते म्हणाले, "ही चिल्लर मोजता मोजता गाडी सुटायची." आम्हीही हसलो. आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पिशवी कमरेला आणखी घट्ट बांधली.

गोरखपूरला एक सुमो ठरवली. पहिल्या दिवशी कुशीनगरच्या महापरिनिर्वाण विहारात वंदना केली. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नौगढ आणि बर्डपूरवरून पिप्रहवा गाठले. विटांचा मोठा स्तूप, भोवती जुन्या विहारांचे पाये आणि चहूकडे हिरवीगार शेते. १९७० नंतरच्या उत्खननात येथे कपिलवस्तूच्या भिक्षुसंघाचा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या. म्हणून हेच प्राचीन कपिलवस्तू असे आपल्याकडचे अनेक अभ्यासक मानतात. नेपाळचे अभ्यासक मात्र त्यांच्या हद्दीतील तिलौराकोट म्हणजेच कपिलवस्तू असे सांगतात. आजींनी हे ऐकले आणि विचारले, "म्हणजे बुद्धाच्या घरावरूनही दोन आळ्या?" यावर आमच्यापैकी कोणी बोलले नाही.

लुंबिनीला जाण्याचा नेहमीचा रस्ता सुनौलीच्या मोठ्या नाक्यावरून जातो. जपान, थायलंड, श्रीलंका येथील यात्रेकरूंना तोच घ्यावा लागतो, कारण व्हिसाची सोय तिथे आहे. आपल्या लोकांना मात्र नेपाळचा व्हिसा लागत नाही. दोन्ही देशांत १९५० साली झालेल्या तहानुसार येणे-जाणे मोकळे आहे. आमच्या ड्रायव्हरने म्हणून जवळची वाट धरली आणि सिद्धार्थनगर जिल्ह्यातील ककरहवा या गावाकडे गाडी वळवली. तेथून लुंबिनी दहा-बारा किलोमीटरवर आहे.

देशाची सरहद म्हणजे तारेचे उंच कुंपण आणि बंदुका असे आमच्या मनात चित्र. प्रत्यक्षात चार-सहा दुकाने, चहाची टपरी, सायकली, आणि रस्त्यावर एक आडवा बांबू. अलीकडे आपल्या सशस्त्र सीमा बलाचे जवान. त्यांनी प्रत्येकाचे मतदार ओळखपत्र पाहिले, गाडीत डोकावले आणि "जय हिंद" म्हणून पुढे जाऊ दिले. पलीकडे नेपाळचे पोलीस आणि एक लहानशी कचेरी. मधली जी रिकामी पट्टी आहे तिला तेथील लोक दशगजा म्हणतात. तेवढ्या जागेत कोणी घर बांधायचे नाही की पीक घ्यायचे नाही. शेतात कुठे कुठे पांढरे सीमास्तंभ दिसतात, एवढीच काय ती खूण.

माणूस चालत सहज जातो, पण गाडीचे तसे नाही. नेपाळमध्ये जकातीला भन्सार म्हणतात. आपली गाडी नेताना भन्सारची पावती फाडावी लागते. जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांचे पैसे भरावे लागतात आणि परतताना तो कागद दाखवावा लागतो. ड्रायव्हरने आर.सी. बुक, विमा, लायसन सारे पुढे केले. आमची कारकुनी सवय, त्यामुळे सर्वांच्या ओळखपत्रांच्या दोन-दोन झेरॉक्स फाइलमध्ये तयार होत्या. आमच्या खजिनदारांनी ऐटीत पाचशेच्या नोटा काढल्या. खिडकीतील माणसाने शांतपणे मान हलवली. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने भारताच्या दोनशे, पाचशे आणि दोन हजारांच्या नोटा बंद केल्या होत्या. शंभरची किंवा त्याहून लहान नोटच चालणार होती.

आम्ही खिसे चाचपले. वरच्या आळीच्या पाच जणांत मिळून शंभरच्या दोन नोटा आणि थोडी नाणी निघाली. टपरीवाल्याकडे विचारले, पण त्याच्याकडेही सुटे नव्हते. बाजारात परत जाऊन सुटे आणायचे म्हणजे तास-दीड तास गेला असता, आणि संध्याकाळपर्यंत माघारी फिरायचे होते. फाइलभर झेरॉक्स काढणाऱ्या आम्हाला एवढी साधी चौकशी निघताना सुचली नव्हती.

आजी गाडीतून उतरल्या. कमरेची पिशवी सोडली आणि बांबूजवळच्या कट्ट्यावर बसून दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटा मोजू लागल्या. पैसे कोणत्या मंडळाचे, परत कोण देणार, असा एक शब्दही त्यांनी काढला नाही. मोजून झाल्यावर आमच्या खजिनदारांच्या हातात ते देऊन म्हणाल्या, "घ्या भाऊ, चिल्लर आहे. नीट मोजून घ्या." खजिनदारांची मान खाली गेली, आणि आमचीही.

पावती होईपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो. समोरून माणसे ये-जा करीत होती. विळा आणि गवताचा भारा घेतलेल्या बाया, सायकलवर सामान बांधलेले मजूर, दप्तर लावलेली पोरे. कोणाचे सासर पलीकडे तर कोणाचे माहेर अलीकडे. दोन्हीकडे तोच गहू आणि तीच मोहरी. लांब शेतात सारसांची एक जोडी चरत होती. आजींनी विचारले, "लेका, सरहद म्हणतात ती हीच का? मला तर सगळं एकच शिवार दिसतंय."

तेव्हा आमच्यातील एका शिक्षकांनी रोहिणी नदीची गोष्ट काढली. ती नदी याच मुलखातली. शाक्य आणि कोलिय यांच्या शेतांना तिचे पाणी मिळे आणि आधी कोणी घ्यायचे यावरून तंटे होत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहणे हे मानलेले नाही. शाक्य संघाने कोलियांविरुद्ध युद्ध ठरवले. सिद्धार्थाने विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. शेजाऱ्याचे रक्त सांडण्यापेक्षा त्याने घर सोडणे पत्करले. आणि तो गेल्यानंतर लोकांनीच युद्धाविरुद्ध आवाज उठवला व दोन्ही गणांत समेट झाला, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे.

शिक्षक बोलायचे थांबले. पाण्याचा तंटा. आम्ही एकमेकांकडे पाहिले. रोहिणी आणि आमचे बोअरिंग यांत अंतर ते किती? सिद्धार्थाने पाण्यासाठी भांडण नको म्हणून राज्य सोडले आणि आम्ही त्याचे नाव घेऊन मोटारीची किल्ली सोडायला तयार नव्हतो!

बांबू वर गेला आणि गाडी नेपाळात शिरली. ड्रायव्हरने घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायला सांगितले, कारण नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. अर्ध्या तासात लुंबिनी आली.

मायादेवी मंदिरात चपला काढून रांगेने गेलो. जुन्या विटांच्या पायांमध्ये जन्मस्थानाची खूण म्हणून ठेवलेली शिळा काचेखाली आहे. बाहेर पुष्करिणी आणि त्या शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक येथे स्वतः आला, शाक्यमुनी बुद्ध येथे जन्मले म्हणून त्याने हा स्तंभ उभारला, या गावाचा कर माफ केला आणि धान्याचा राजभाग आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरलेले आहे. १८९६ साली हा स्तंभ पुन्हा उजेडात आला आणि जन्मस्थान जगाला निश्चित कळले. एवढा मोठा राजा येथे आला आणि त्याने कष्टकऱ्याचा बोजा हलका केला. श्रद्धा म्हणजे काय हे त्या दगडाने आम्हाला सांगितले.

स्तंभापाशी नऊ जणांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले. याच नेपाळात, काठमांडूला, बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी आले होते. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम महिना झाला होता आणि प्रकृती पार ढासळलेली होती. तरी बुद्ध की कार्ल मार्क्स या विषयावर ते बोलले. पुढे ६ डिसेंबरला ते गेले. हे आठवून आजींनी डोळ्यांना पदर लावला. दुपारी जेवताना डबे कोणी वेगळे उघडले नाहीत.

संध्याकाळी बांबूपाशी पावती दाखवून परत अलीकडे आलो. गोरखपूरला नोटा मोडून खजिनदारांनी आजींचे पैसे पै-पैसह परत केले, आणि दोन्ही वह्यांचा हिशेब आम्ही एकाच वहीत उतरवला.

घरी आल्यावर सारे भांडण मिटले असे म्हणणार नाही. पण किल्लीच्या दोन प्रती झाल्या, बिल घरागणिक वाटून भरायचे ठरले, आणि १४ एप्रिल २०१९ ला वस्तीतून एकच मिरवणूक निघाली. पुढे आजींच्या पिशवीतली ती चिल्लर वस्तीत म्हणीसारखी झाली.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. मूळ मतदार ओळखपत्र प्रत्येकाजवळ असू द्या. गाडीचे मूळ कागद पाहूनच गाडी ठरवा. नोटांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा आणि शंभरपर्यंतच्या नोटा भरपूर ठेवा. नेपाळमध्ये आपल्या शंभर रुपयांचे एकशे साठ होतात. उजेड असेतो परत फिरा.

आणि घरातून निघताना आपल्या वस्तीत किती बांबू आडवे टाकून ठेवले आहेत, तेही एकदा मोजून घ्या. ककरहव्याचा बांबू पावती दाखवली की उचलला जातो. आपले मात्र आपणच उचलायचे आहेत.

जयभीम!