बॅगा दाराबाहेर, मंडळी बसमध्ये!

ग्रुप टूर म्हटलं की आपल्या वयाच्या पब्लिकचं नाक लगेच मुरडतं. शिट्टी वाजली की बसमध्ये, शिट्टी वाजली की बाहेर, मध्ये पाच मिनिटांचा फोटो-स्टॉप आणि रात्री डाळ-भात. ‘हे काय फिरणं झालं?’ असं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हमखास ऐकू येतं. ऐकू येऊ दे. पण अशा टूरचा शेवटचा दिवस एकदा तरी बघाच. सगळ्यांकडचा चिवडा संपलेला असतो आणि युरो संपत आलेले असतात. पेशन्स तर पिसालाच संपलेला असतो! आणि तरीही, किंवा म्हणूनच, माणसं कशी आहेत ते त्याच दिवशी कळतं.

आमची टूर होती २०२३ च्या मे महिन्यातली. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कलोन, ल्युसर्न, इन्सब्रुक, व्हेनिस, पिसा, फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम. आई-बाबांना सोबत म्हणून मी. बसमध्ये आम्ही बेचाळीस जण. रोज दोन रांगा मागे सरकायचं, असा सीट-रोटेशनचा कडक कायदा. त्यामुळे शेवटच्या दिवशी आम्ही थेट मागच्या दाराशी!

सकाळी साडेआठला रोमबाहेरच्या हॉटेलातून निघालो. टूर मॅनेजरने माइक हातात घेतला आणि दिवसाचा प्रोग्रॅम सांगितला. व्हॅटिकन, कलोसियम बाहेरून, इंडियन लंच, मग तीन ते सव्वासात मोकळा वेळ. साडेसातला बस सुटणार म्हणजे सुटणार. उद्या पहाटे साडेपाचला एअरपोर्टसाठी निघायचं.

‘साडेसात?’ बसमध्ये एकदम गलका झाला. कारण सगळ्यांना ट्रेवी फाउंटन रात्रीच्या दिव्यांत बघायचं होतं. मेअखेरीस रोममध्ये सूर्य मावळतो साडेआठच्या सुमारास. म्हणजे दिवे लागेपर्यंत नऊ. एवढे लाख रुपये भरून रोमला यायचं आणि उजेडातच परत फिरायचं? ठाण्याच्या एका काकांनी तर तक्रारीचा मेल तिथल्या तिथे टाइप करायला घेतला.

इथे जरा गणित समजून घेऊ. युरोपात कोच चालवणाऱ्या माणसाच्या तासांवर कायद्याचा पहारा असतो. दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटांचा ब्रेक. रोजची विश्रांती सलग अकरा तास. ती नऊवर आणता येते, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदाच. आंतरराष्ट्रीय टूरवर ही साप्ताहिक सुट्टी जास्तीत जास्त बारा दिवस पुढे ढकलता येते. आणि हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं. ड्रायव्हरचं कार्ड आत, एकेक मिनिटाचा हिशेब बाहेर. रस्त्यात पोलिसांनी थांबवून तपासलं आणि घोळ निघाला, तर जबर दंड.

आमचा ड्रायव्हर पोलंडचा, कॅलेपासून आमच्यासोबत. नऊ तासांच्या सवलतीतल्या दोन रात्री वापरून झाल्या होत्या, ही तिसरी. पहाटे साडेपाचातून नऊ तास वजा करा. रात्री साडेआठला बस हॉटेलवर उभी हवी. म्हणून साडेसात!

हे सगळं सांगूनही काही मंडळी ऐकेनात. ‘त्याला म्हणावं, थोडं अ‍ॅडजस्ट कर. वरचे पैसे देऊ.’ त्यावर पहिल्या रांगेतून एक आवाज आला. कोल्हापूरचे काका. टूरभर फारसे बोलले नव्हते. मुलाने दुबईहून पैसे पाठवून दोघांना टूरला धाडलेलं. उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘एकतीस वर्सं एस्टी चालवलीया मी. स्टेअरिंगवरच्या माणसाला झोप न्हाई मिळाली, तर मागच्या बेचाळीस जणांना कायमची मिळंल. ह्यात अ‍ॅडजस्ट न्हाई.’

बस गप्प. ठाण्याच्या काकांनी मोबाइल खिशात टाकला. दोन आयटीवाल्या पोरांनी तोडगा काढला, ‘आम्ही थांबतो, टॅक्सीने येतो, पैसे वाटून घेऊ.’ ज्यांना हौस आणि गुडघे दोन्ही शाबूत, त्यांच्यासाठी हा मार्ग सरळ होता. सात जण तयार झाले. भांडण मिटलं.

मग रोम सुरू झालं. सेंट पीटर्सच्या चौकात बर्निनीचे २८४ खांब दोन्ही बाजूंनी कवेत घेतल्यासारखे उभे आहेत. चार-चार खांबांच्या रांगा. पण जमिनीवर एक गोल खूण आहे, तिथे उभं राहिलं की मागचे तिन्ही खांब पुढच्यामागे गायब होतात. आमच्या ग्रुपने त्या खुणेसाठी चक्क रांग लावली. शिस्तीत! कलोसियमसमोर (उद्घाटन इसवी सन ८०, सम्राट टायटस) पाच मिनिटांत बेचाळीस जणांचा ग्रुप फोटो. त्यातही दोघांचे डोळे मिटलेले.

स्पॅनिश स्टेप्सवर बाबा दमून बसायला गेले, तर पोलिसाची शिट्टी! २०१९ पासून त्या १३५ पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड होतो. ‘पायऱ्यांवर बसायचं नाही, तर त्या बांधल्या कशाला?’ बाबांचा प्रश्न. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मात्र तहान फुकटात भागते. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोनी’ म्हणजे मोठं नाक या नावाचे लोखंडी नळ आहेत, १८७० च्या दशकापासूनचे. पाणी थंड आणि मस्त. रिकामी बाटली जवळ ठेवा, पाण्यावर युरो घालवू नका.

ट्रेवी दिवसाउजेडीच बघितलं. १७६२ मध्ये पूर्ण झालेलं हे कारंजं, आणि त्याला पाणी पुरवतो तो इसवी सन पूर्व १९ मधल्या कालव्याचा वारसा. उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे रोमला पुन्हा येणं होतं म्हणे. ही नाणी गोळा होऊन कारितास या कॅथलिक सेवासंस्थेमार्फत गरजूंसाठी वापरली जातात. हे कळल्यावर आईने एकाऐवजी दोन टाकली.

तिथून पँथिऑन पायी दहा मिनिटं. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा काँक्रीटचा घुमट, ४३ मीटर रुंद, आत लोखंडी सळ्या नाहीत आणि मधोमध आकाशाला उघडं भोक. आम्ही फुकट आत गेलो. ३ जुलै २०२३ पासून तिकीट लागू झालं. अजून थोडं चाललं की पियात्सा नव्होना. तिथे बर्निनीचंच १६५१ मधलं चार नद्यांचं कारंजं आहे. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि... गंगा! मी मोठ्या ऐटीत आईला दाखवलं. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, ‘अगं, ही कसली गंगा? हा तर दाढीवाला बाप्या!’ खरंच की. हातात लांब वल्हं घेतलेला तगडा पुरुष. युरोपात नद्यांचे देव पुरुष, आपल्याकडे गंगामाई. आईने तरीही हात जोडले. ‘रूप वेगळं असलं म्हणून काय झालं,’ म्हणाली.

सव्वासातला ठरलेल्या जागी पोचलो. जुन्या रोमच्या गल्ल्यांत मोठ्या कोचना सहसा शिरता येत नाही, त्यामुळे शेवटचा टप्पाही पायीच. काका-काकू आमच्याआधी हजर. बस आली साडेसातला पाच कमी असताना. सात जण मागे थांबलेले, बाकी पस्तीस आत.

आता पाकिटाची वेळ. ड्रायव्हरच्या टिपचं पाकीट मागून पुढे सरकू लागलं. माणशी दिवसाला दोन युरो असं ठरलेलं, दहा दिवसांचे वीस. पुन्हा कुजबुज. ‘टूरचे पैसे भरलेत ना, मग हे वेगळे कशाला?’ काका या वेळी काहीच बोलले नाहीत. पाकीट त्यांच्यापर्यंत आलं तेव्हा त्यांनी दोघांचे चाळीस टाकले, आणि खिशातली उरलेली सगळी नाणी खुळखुळत वर ओतली. आवाज मागच्या दारापर्यंत आला. पाकीट परत एकदा मागून फिरवा, असं कुणीतरी म्हणालं. फिरलं. मेल टाइप करणारे ठाण्याचे काकाही दुसऱ्यांदा खिशात हात घालताना मी पाहिले.

साडेआठला चार मिनिटं बाकी असताना बस हॉटेलवर लागली. सगळे उतरल्यावर काका ड्रायव्हरपाशी थांबले. त्यांना इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. काकांनी स्टेअरिंगकडे बोट दाखवून स्वतःच्या छातीवर ठेवलं आणि तीन बोटं, मग एक बोट दाखवलं. एकतीस. ड्रायव्हरला कळलं. त्याने त्यांना आपल्या सीटवर बसवलं, आरसे दाखवले, आणि टॅकोग्राफमधून त्या दिवसाची छोटीशी कागदी पट्टी छापून हातात दिली. काकांनी ती घडी घालून पाकिटात, मुलाच्या फोटोमागे ठेवली. ‘आमच्या टायमाला हे मशीन असतं तर...’ एवढंच म्हणाले आणि काकूंची बॅग उचलून आत गेले.

रात्री अकराला ग्रुपवर ट्रेवीचे झगमगते फोटो आले. सॉलिड होते! पण पस्तीस जण तोवर झोपलेही होते. आणि ड्रायव्हरसुद्धा.

तुम्हीही आई-बाबांना टूरवर पाठवणार असाल, किंवा सोबत जाणार असाल, तर ब्रोशरमधलं शेवटच्या दिवसाचं पान आधी वाचा. हॉटेल गावात की गावाबाहेर? फ्लाइट किती वाजता? हॉटेलवरून एअरपोर्टसाठी निघायच्या वेळेतून नऊ तास मागे मोजा, म्हणजे बस किती वाजेपर्यंत हॉटेलवर परतायला हवी ते कळेल. टॅक्स रिफंड घ्यायचा असेल, तर वस्तू चेक-इनच्या बॅगेत टाकण्याआधी कस्टम्सचं काम उरका. इटलीत किमान खरेदीची अट आमच्या वेळी १५४.९४ युरोंची होती, १ फेब्रुवारी २०२४ पासून ती ७० युरोंवर आली आहे. आणि टिपचे सुटे युरो पहिल्याच दिवशी वेगळे काढून ठेवा. शेवटच्या दिवशी ते हमखास चॉकलेटांत गेलेले असतात!