मेलेलं कातडं जपण्याचा हट्ट

जुन्या गाडीचा डॅशबोर्ड कितीही तडकला तरी त्यावरचं मूळ कातडं काढू नये, असं माझं मत होतं. जुन्या गाड्यांचे शौकीन जमले की मी ते ठासून सांगायचो आणि नवं रेक्झिन चढवणाऱ्याला टोमणाही मारायचो. आज माझ्या कॉन्टेसाच्या डॅशबोर्डावर नवा फोम आणि नवं व्हिनाइल आहे. ज्यांना टोमणे मारले त्यांना हिशेब द्यायला हवा, म्हणून हे मनोगत.

माझा हट्ट अगदीच हवेतला नव्हता. ‘नवा करून आणला’ म्हणून जो डॅशबोर्ड बघायला मिळायचा तो बहुतेकदा असा: बिस्किटी रंगाचं चकचकीत रेक्झिन, त्यावर लाल दोऱ्याची चौकटीची शिवण आणि मधोमध टचस्क्रीनसाठी पाडलेलं भगदाड. कॉन्टेसा ही हिंदुस्तान मोटर्सची गाडी, १९८४ च्या सुमारास आली. तिचा आराखडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हीएक्स गाडीवरून घेतलेला. २००२ च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं. आता सुटे भाग शोधायचे तर भंगार बाजार गाठावा लागतो. अशा गाडीत कारखान्याच्या हातचं जे उरलंय ते तसंच राहू द्यावं, हे म्हणणं कुणालाही पटेल. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिची २०१३ ची तुरिन सनदही जतनावर भर देते. मी ती सगळ्यांच्या तोंडावर फेकायचो.

मत हललं ते पुढच्या काचेमुळे. काचेच्या आतल्या बाजूला तेलकट, पातळ थर धरायचा. पुसला की काही दिवसांनी पुन्हा हजर. मी त्याचा दोष सुरतेतल्या आमच्या उधन्याच्या हवेला द्यायचो. आमच्याकडे चहूकडे लूम, पलीकडे पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंगच्या गिरण्या. काहीही काळं-तेलकट दिसलं की बिल त्यांच्या नावावर फाडायची सवय. पण माझा धंदा लूमच्या सुट्या भागांचा, त्यामुळे कोटेड कापडवाल्यांकडे येणं-जाणं असतं. त्यांच्यापैकी एकाने तो थर बोटाने पुसला आणि म्हणाला, हा धूर नाही, हे डॅशबोर्डाचंच तेल आहे.

डॅशबोर्डावरचं हे कातडं म्हणजे पीव्हीसीचं व्हिनाइल, आणि पीव्हीसी जात्याच कडक असतं. त्याचं मऊ व्हिनाइल करायचं तर त्यात तेलकट द्रव्य घालावं लागतं. आमच्या बाजारात त्यासाठी डीओपीचं नाव घेतात. मऊ व्हिनाइलच्या वजनात याचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासही असू शकतो. हे द्रव्य पीव्हीसीला कायमचं जोडलेलं नसतं, त्यात मुरलेलं असतं. ऊन तापलं की ते बाहेर येतं आणि त्यातलं काही काचेवर जाऊन बसतं. ॲरिझोनात केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी सुमारे ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले आढळले. सुरतेतल्या मे महिन्यात डॅशबोर्डाला हात लावून बघणाऱ्याला या आकड्याचं नवल वाटणार नाही. तेल गेलं की कातडं आक्रसतं, आक्रसलं की एसीच्या जाळ्यांच्या कोपऱ्यांपासून तडकतं. खालच्या पॉलियुरेथेन फोमचं वैर उष्णतेशी आणि दमट हवेशी. सुरतेत दोन्ही भरपूर. बोटाने दाबला की त्याचा भुगा होतो.

म्हणजे ज्याला मी मूळ म्हणून जपत होतो त्यातला बराचसा भाग काचेवरून फडक्यात आणि फडक्यातून मोरीत गेला होता. उरलं होतं ते फक्त आकाराने मूळ.

तरी मी एक पळवाट शोधली: भंगारातून दुसऱ्या कॉन्टेसाचा डॅशबोर्ड आणायचा, म्हणजे मूळपणही राहील आणि भेगाही जातील. पण त्या डॅशबोर्डाचं वय माझ्या डॅशबोर्डाएवढंच होतं आणि भेगाही त्याच कोपऱ्यांत होत्या. खोक्यात बंद राहिलेला जुना साठा मिळाला असता तर ऊन वाचलं असतं, पण फोमचं वय चुकलं नसतं. पत्रा, काच, क्रोम यांना दुरुस्ती आणि निगा मानवते. मऊ व्हिनाइल जन्मतःच मुदत घेऊन येतं. हा फरक मी लक्षातच घेतला नव्हता. सगळ्या गाडीला एकच नियम लावत होतो.

मग डॅशबोर्डावर गादी असते तरी कशाला, याकडे वळलो. डेट्रॉइटमध्ये क्लेअर स्ट्रेथ नावाचे प्लॅस्टिक सर्जन होते. अपघातात डॅशबोर्डावर आपटून फुटलेले चेहरे शिवता शिवता ते १९३० च्या दशकात मोटार कंपन्यांच्या मागे लागले: पुढे आलेल्या खुंट्या आत घ्या, डॅशबोर्डाला गादी लावा. १९५६ साली फोर्डने गादीचा डॅशबोर्ड सुरक्षेच्या नावाने विकायला काढला. ही गादी माणसाच्या कपाळासाठी आली. माझ्या गाडीतली गादी खडखडीत झाली होती आणि तिच्या भेगांना धारदार कडा होत्या. मी वस्तू सांभाळत होतो आणि तिचं काम केव्हाच संपलं होतं.

काम करून घेतलं ते उधना तीन रस्त्याजवळच्या एका कुशनवाल्या भाऊंकडून. ते धुळ्याकडचे, माझ्यासारखेच खानदेशी. त्यांनी नखाने कातडं टोकरलं आणि अहिराणीत निकाल दिला, “भाऊ, हाई कातडं मरी गयं.” मी म्हटलं, मग याच्यावरूनच नवं चढवा. ते नाही म्हणाले. जुन्यावर नवं चिकटवलं तर खालची प्रत्येक भेग काही महिन्यांत वर उमटते. शिवाय जाडी वाढते, मग मीटरचा संच आणि जाळ्या आपापल्या जागी बसत नाहीत. वर्षानुवर्षं मारलेल्या चकाकीच्या पॉलिशमधलं सिलिकॉन चिकटवायच्या सोल्युशनला धरू देत नाही, ते वेगळंच.

म्हणून सगळं सोललं. खालच्या सांगाड्यापर्यंत जाऊन भुगा काढला, घट्ट राहिलेला फोम ठेवला, खड्डे दोन भागांच्या पीयू फोमने भरले, कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून उंचवटे जुळवले. वेळ खरा तिथेच गेला, कारण वरचं व्हिनाइल खालचा एकही खड्डा लपवत नाही. व्हिनाइल निवडताना माझा कापडाचा धंदा कामाला आला. पाठीला विणकामाचं ताणा-बाण्याचं कापड असेल तर ते फारसं ताणत नाही आणि मीटरच्या कपाळपट्टीवर चुण्या पडतात. पाठीला होजिअरीसारखं निटिंगचं कापड हवं, ते चारही दिशांना ताणतं. रंग काळा आणि पोत मंद. चकाकी असली तर ऊन काचेत उलटं चमकतं आणि रस्ता दिसत नाही. सोल्युशन उष्णता सोसणारं, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासं झाल्यावरच बसवलेलं. पावसाळ्यात हे काम घ्यायला भाऊ तयारच नव्हते. दमट हवेत सोल्युशनवर ओल धरते आणि पहिल्या उन्हाळ्यात खोलगट भागातून कातडं उचलतं.

यात काही गमावलंही आहे. कारखान्याचं कातडं साच्यातून निघालेलं, अखंड होतं. हाताने चढवलेल्याला मीटरशेजारी एक जोड आला आहे. बारकाईने बघणाऱ्याला तो दिसतो आणि मी तो लपवत नाही. जुन्या कातड्याचे कागदी नमुने, फोटो आणि एक चांगला राहिलेला तुकडा ठेवला आहे. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण सावलीत वाचलं होतं, त्याला हात लावला नाही. एअरबॅग असलेल्या गाडीला मात्र यातलं काहीही लागू करू नये. तिथे कातड्याची फाटण्याची जागा ठरलेली असते.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम काढले. त्यांत मूळपण तपासताना बोट ठेवलं आहे ते चासी, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांवर. सगळ्यांत जुन्या कॉन्टेसालाही त्या वयाला पोचायला २०३४ उजाडेल. तोवर हे नवं व्हिनाइलही कदाचित तेल सोडू लागलेलं असेल. तेव्हा जो गाडी सांभाळत असेल त्याने ते खुशाल बदलावं. रंग, पोत आणि आकार तेवढा बिघडवू नये.

सीटच्या बाबतीत मात्र माझा जुना हट्ट कायम आहे. भाऊ दर भेटीत विचारतात, सीटपण नवी करू का? मी नाही म्हणतो. सीटचं कापड विणलेलं आहे, विरलं तर रफू होतं आणि सुरतेत रफूवाल्यांची वाण नाही. व्हिनाइलला रफू करता आलं असतं तर मी मत बदललं नसतं.