औषधाचं नाव: तोडून वाचा, जोडून बोला

मोठा शब्द तोडून वाचायला आपण वर्गात रोज शिकवतो. घरी मात्र आई बीपीच्या गोळीला 'ती पांढरी' म्हणायची. एकदा मेडिकलवाल्याला फोनवर मीच 'ॲ... ॲटे... असंच काहीतरी' म्हणालो आणि ॲम्लोडिपिनऐवजी ॲटेनोलॉल घरी आली. नशीब, देण्याआधी पट्टी वाचली! दोन्ही बीपीच्याच, पण एक रक्तवाहिन्या सैल करते, दुसरी हृदयाचे ठोके कमी करते.

मग आईला पाटीवर लिहून दिलं: ॲम्-लो-डि-पिन, टेल्-मि-सार्-टन. 'डिपिन', 'सार्टन', 'प्रिल', 'लॉल' ही औषधांची आडनावंच समजा. आडनाव एक, तर काम साधारण सारखं.

आता आई टाळी वाजवत नाव म्हणते. तुम्हीही आज घरातली पट्टी मोठ्याने वाचून घ्या. आणि दुकानात फक्त बोलू नका, पट्टीसुद्धा दाखवा.