श्केकेनच्या विहिरीत

"इथली नदी कुठंय गं?"

कानकूनहून गाडी निघून दीड तास झाला होता आणि अण्णांना एकही पूल लागला नव्हता. साताऱ्याकडच्या माणसाला दीड तासात पूल लागला नाही की काहीतरी चुकतंय असं वाटणारच. दोन्ही बाजूंना नुसतं बुटकं जंगल आणि मध्ये सरळ रस्ता.

आई-अण्णा तीन महिन्यांसाठी डॅलसला माझ्याकडे आले होते. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोला फिरायला जाण्यासाठी वेगळा काढावा लागत नाही, म्हणून चार दिवस सुट्टी टाकून मी त्यांना युकातानला घेऊन आले. नदीच्या प्रश्नाचं उत्तर मी आधीच वाचून ठेवलं होतं. युकातानच्या उत्तर भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. सगळा चुनखडीचा प्रदेश. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि दगड विरघळवत खाली उतरतं. मग खाली गुहा होतात, त्यांतून पाणी वाहतं. कुठे गुहेचं छत कोसळलं की वरून ते पाणी दिसतं. माया लोक अशा जागेला त्सोनोत म्हणत, स्पॅनिश लोकांनी त्याचं सेनोते केलं.

"म्हंजे हीरच की," अण्णा म्हणाले. "तुझ्या आज्यानं सुरुंग लावून काळा पाषाण फोडला. हितं आपोआप पडली."

विहिरीचा विषय निघाला आणि गाडीत शांतता झाली. निदान मला तरी तसं वाटलं.

मी नऊ वर्षांची होते. मे महिन्यात आमच्या विहिरीवर गावातली पोरं पोहायला शिकायची. पोरी नाहीत. अण्णांनी ठरवलं, मला शिकवायचंच. आजी म्हणाली, पोरीच्या जातीला हे कशाला? तरी त्यांनी नेलं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाठीला बांधला आणि दिलं ढकलून. पहिल्याच दिवशी कॅन सुटला. पुढचं मला एवढंच आठवतं: नाकातोंडात जाणारं हिरवं पाणी, आणि डोकं वर आलं की दर वेळी दिसणारे अण्णा. पायरीवर उभे, माझ्याकडे बघत. जागचे हलत नव्हते. शेवटी चुलतकाकांनी उडी टाकून मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवसापासून विषय बंद. दोन वर्षांनी धाकटा भाऊ त्याच विहिरीत शिकला. त्याला काकांनी शिकवलं.

यातून मी जो अर्थ काढला, तो मला वीस वर्षं पुरला. अण्णा माझी परीक्षा बघत होते आणि मी नापास झाले. मुलगी असल्यामुळे पुन्हा बसायची सोय नव्हती. पुढे इंजिनिअरिंगची व्हायवा असो की नोकरीचा इंटरव्ह्यू, कुणीतरी काठावर हाताची घडी घालून उभं आहे असंच मला वाटायचं.

वायादोलिद शहरापासून काही किलोमीटरवर, द्झितनुप गावाजवळ श्केकेन नावाचं सेनोते आहे. माया भाषेत श्केकेन म्हणजे डुक्कर. एका माणसाचं डुक्कर हरवलं, ते ऐन कोरड्या दिवसांत चिखलानं माखून परत आलं, माग काढला तर जमिनीखाली पाणी सापडलं, अशी गोष्ट सांगतात. अण्णांना ती लगेच पटली.

आत जायच्या आधी अंघोळ करावी लागते. सनस्क्रीन लावलेलं चालत नाही, ते पाण्यात उतरतं. लाइफ जॅकेट सक्तीचं. मला वाटलं होतं, जॅकेट म्हटल्यावर अण्णा चिडणार. पण त्यांनी स्वतःचं कसंबसं चढवलं आणि माझ्याकडे वळले. माझ्या जॅकेटचं प्रत्येक बकल ओढून बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग एक पट्टा सैल वाटला म्हणून काउंटरवरच्या मुलाला खुणेनं सांगून जॅकेट बदलून घेतलं.

"अण्णा, बास की."

"थांब जरा."

पायऱ्या अरुंद आणि ओल्या होत्या. खाली एवढी मोठी गुहा असेल असं वरून अजिबात वाटत नाही. छताला एक भोक, त्यातून उन्हाचा झोत सरळ पाण्यावर पडलेला. छतावरून दगडाच्या झुंबरासारखे लवणस्तंभ लोंबत होते. पाणी निळं आणि इतकं स्वच्छ की मासे दिसत होते. आई पिशव्या घेऊन पायरीवर बसली. अण्णा उतरले आणि मी त्यांच्या मागे उतरले. दोन पावलांत पाय टेकायचे बंद झाले.

घाबरले की मी माहिती सांगत सुटते. आडव्या बांधलेल्या दोराला लटकून मी सांगायला लागले. असे स्तंभ हवेत थेंब थेंब गळूनच तयार होतात, पाण्याखाली होत नाहीत. पण इथल्या बुडालेल्या गुहांमध्येही ते सापडतात, म्हणजे त्या गुहा कधीतरी कोरड्या होत्या. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. शिवाय २०१८ मध्ये तुलुमजवळ पाणबुड्यांनी दोन गुहा पाण्याखालून जोडलेल्या आहेत हे शोधलं, एकूण लांबी जवळजवळ ३४७ किलोमीटर...

"ती गाठ मी बांधली हुती," अण्णा म्हणाले.

मी थांबले.

"कॅनची. सुटलेली दिसली मला. पर पायच हललं न्हाईत माझं. मला पवता येत हुतं, तरीबी. तुझ्या काकानं उडी टाकली नसती तर..." पुढचं ते बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "परत तुला पाण्यात न्यायची छातीच झाली न्हाई. तुलाबी न्हाई, तुझ्या भावालाबी न्हाई."

काय बोलावं मला सुचेना. त्या दिवशी काठावर परीक्षक कुणी नव्हताच. मुलगी बुडताना बघून गारठलेला एक तिशीतला माणूस होता. 'पोरीला कशाला' म्हणणाऱ्या घरात आपली गाठ सैल बसली हे त्याला सांगता आलं नसणार. चुकला म्हणण्यापेक्षा लोकांनी कडक म्हटलेलं त्याला परवडलं.

हे समजलं म्हणून लगेच सगळं निवळलं असं नाही. मला रागही आला. वीस वर्षं एका वाक्यासाठी? पण मीही कधी विचारलं नव्हतं. आमच्या घरात रोज फोनवर पावसाचं, उसाचं, आईच्या गुडघ्यांचं बोलणं व्हायचं. विहिरीचं कुणीच बोललं नाही.

"हात सोड," अण्णा म्हणाले. "जॅकेट हाय."

मी दोर सोडला. ते माझ्या शेजारी तरंगत राहिले, एक हात माझ्या जॅकेटच्या पट्ट्यावर. आम्ही उन्हाच्या झोतापर्यंत गेलो आणि परत आलो. याला कुणी पोहणं म्हणणार नाही.

"किती वेळ! काय एवढं बोलत होता?" आईनं टॉवेल देत विचारलं.

"पाण्याचं," अण्णा म्हणाले.

वर येऊन जॅकेट परत द्यायला गेले तर बकल निघेना. अण्णांनी पट्टे इतके घट्ट ओढले होते की काउंटरवरच्या मुलाला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. अण्णा बाजूलाच उभे राहून बघत होते. मग पुढे आले आणि त्यांनीही हात लावला.