मार्शलच्या गावी

केंटकीत राहतो म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे ते चिकनवालं का?" अमेरिकेत इतरत्र राहणारी मंडळी विचारतात, "घोडे पाहिलेत का?" आम्ही लेक्सिंग्टनकर दोघांनाही हो म्हणून मोकळे होतो. गेल्या हिवाळ्यापासून मात्र आमच्या घरात केंटकीची एक तिसरी ओळख आली. डोक्यावर हॅट, कमरेला पिस्तूल आणि तोंडात गोड बोलणं असलेला मार्शल रेलन गिव्हन्स.

'जस्टिफाइड' ही मालिका एफएक्स वाहिनीवर २०१० ते २०१५ या काळात झाली. सहा पर्वं, ७८ भाग. मूळ कथा एल्मोर लेनर्ड यांची. मुलं झोपली की आम्ही दोघं रोज एक भाग पाहायचो, कारण गोळीबार आणि शिव्या यांना तिथं तोटा नाही. रेलन मायामीत एका गुंडाला शहर सोडायला चोवीस तासांची मुदत देतो आणि मुदत संपल्यावर दिवसाढवळ्या, भरल्या हॉटेलात त्याला गोळी घालतो. शिक्षा म्हणून त्याची बदली होते ती लेक्सिंग्टनला. आपल्याकडे 'गडचिरोलीला पाठवीन' म्हणतात तसं. (मी चंद्रपूरची. शेजारच्या जिल्ह्याचा असा उल्लेख मलाही टोचतो, पण तुलना चपखल आहे.) लेक्सिंग्टनच्या कार्यक्षेत्रात हार्लन काउंटी येते, रेलनचं जन्मगाव. तिथं त्याची गाठ पडते बॉयड क्राउडरशी. हा बँका लुटतो, स्फोट घडवतो. आणि कोवळ्या वयात हे दोघं एकाच खाणीत शेजारी शेजारी कोळसा खणत होते. एक कायद्याचा माणूस झाला, दुसरा कायदा मोडणारा. पण खाणीतलं ते नातं दोघांनाही पुसता येत नाही.

मला हार्लनला ओढून नेलं ते दुसऱ्या पर्वाच्या आठव्या भागानं. नाव 'द स्पॉइल'. खाण खणताना कोळशाच्या वरची जी माती-दगड उपसून बाजूला टाकतात, तिला स्पॉइल म्हणतात. आणि लुटीच्या मालालाही तोच शब्द. या भागात एका कोळसा कंपनीला डोंगराचा माथाच उडवायचा आहे. कंपनीची अधिकारी बाई गावात जमिनी विकत घ्यायला येते. तिच्या जिवाला धोका म्हणून सरकार तिच्या रक्षणाला कुणाला देतं? रेलनला. आणि गावकऱ्यांना वळवायला ती बाई स्वतः पगारावर कुणाला ठेवते? बॉयडला! म्हणजे मार्शल आणि दरोडेखोर दोघंही कंपनीच्या मोटारीजवळ उभे, आणि समोर गाव. गावाच्या सभेत डोंगराच्या बाजूनं उभी राहते मॅग्ज बेनेट, जी स्वतः गांजाचा धंदा करते. मार्गो मार्टिन्डेल या अभिनेत्रीला या भूमिकेसाठी २०११ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. मॅग्जचं भाषण ऐकताना मी सोफ्यावर सरसावून बसले होते. (ज्यांना मालिका पाहायची आहे त्यांनी पुढचं वाक्य गाळावं.) पुढच्याच भागात कळतं की मॅग्जसुद्धा सौदा वाढवण्यासाठीच अडून बसली होती.

हे सगळं लेखकाच्या डोक्यातून आलं की मातीतून, हा प्रश्न माझ्यातल्या इतिहासाच्या बाईला स्वस्थ बसू देईना. चंद्रपूरला सहा वर्षं मी इतिहास शिकवला आहे. म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीत समुद्रकिनारा रद्द झाला आणि आम्ही हार्लनचा रस्ता धरला.

लेक्सिंग्टनहून दक्षिणेला निघालं की आधी घोड्यांची कुरणं आणि त्यांची लांबच लांब कुंपणं सोबत करतात. मग आय-७५ वर कॉर्बिन येतं. कर्नल सँडर्स यांचं मूळ उपाहारगृह इथंच. त्याच्या दारात फोटो काढून आम्ही शाकाहारी मंडळींनी गाडीतले थेपले खाल्ले. पाइनव्हिलपासून कंबरलँड नदी आणि डोंगर जवळ येऊ लागतात आणि एकशेएकोणीस नंबरचा रस्ता त्यांच्यामधून वाट काढत हार्लनला पोचतो. मालिकेतल्या टेकड्या पिवळट, कोरड्या दिसतात, कारण चित्रीकरण बहुतेक सगळं कॅलिफोर्नियातलं. खरं हार्लन हिरवंगार आहे, आणि ऑक्टोबरात तर लाल, केशरी, हळदी. दरी इतकी अरुंद की घरं, नदी, रस्ता आणि रेल्वे एकमेकांना खेटून चालतात. सपाट जागा म्हणजे इथं चैन.

या सुंदर दरीचं जुनं नाव 'ब्लडी हार्लन'. १९३१ च्या फेब्रुवारीत खाणमालकांनी मजुरी दहा टक्के कापली. जे कामगार युनियनमध्ये गेले त्यांची नोकरी गेली, आणि राहतं घर कंपनीचंच असल्यामुळे घरही गेलं. ५ मे १९३१ रोजी एव्हर्ट्स गावाजवळ खाणीचे रक्षक आणि कामगार यांच्यात गोळीबार झाला, चार माणसं मेली. राज्याचं सैन्य आलं तेव्हा कामगारांना वाटलं, हे आपल्याला वाचवायला आले. ते संप मोडायला होते. आणि शेरिफचे डेप्युटी? छातीवर सरकारी बिल्ला, पण त्यांतल्या बहुतेकांचा पगार येत होता खाणमालकांकडून. 'द स्पॉइल'मधला कंपनीच्या मोटारीजवळचा रेलन मला इथं भेटला. लेखकाला काही फार रचावं लागलेलं नव्हतं.

त्याच वर्षी शेरिफची माणसं सॅम रीस या युनियनवाल्याला शोधत त्याच्या घरात शिरली. तो आधीच निसटला होता. घरात होती बायको फ्लॉरेन्स आणि मुलं. माणसांनी घर उलथंपालथं केलं. ती गेल्यावर फ्लॉरेन्सनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर एक गाणं लिहिलं, 'विच साइड आर यू ऑन'. तू कुणाच्या बाजूचा, एवढाच त्याचा सवाल. पुढे ते जगभरच्या मोर्चांत गायलं गेलं. १९७३ मध्ये इथल्या ब्रूकसाइड खाणीत पुन्हा संप झाला, वर्षभराहून जास्त चालला. बार्बरा कॉपल यांनी त्यावर केलेल्या 'हार्लन काउंटी, यूएसए' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्यात म्हातारी झालेली फ्लॉरेन्स तेच गाणं म्हणताना दिसते. आणि १९७३ हेच भारतातल्या कोळसा खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचंही साल. मी ते वर्गात फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! पण त्याच साली जगाच्या दुसऱ्या टोकाला बायका पहाटे काठ्या घेऊन खाणीचा रस्ता अडवत होत्या, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

हार्लनच्या पुढे पाऊण तासावर बेनहॅम आणि लिंच ही दोन जुळी गावं आहेत. दोन्ही कंपन्यांनीच वसवली. बेनहॅमला १९२६ सालच्या शाळेच्या इमारतीत आता मुक्कामाची सोय आहे. लांबलचक व्हरांड्यात मुलांचे लॉकर अजून तसेच. रात्री मी त्या व्हरांड्यातून उगाच दोन फेऱ्या मारल्या. हातात हजेरीपट नव्हता, एवढंच.

लिंचला 'पोर्टल ३१' नावाची खाण पाहता येते. डोक्यावर हेल्मेट घालून छोट्या आगगाडीतून आत जायचं. १९१७ ते १९६३ ही खाण चालली. १९२३ मध्ये इथं एका पाळीत १२ हजार टनांहून जास्त कोळसा काढला गेला, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. इटलीहून, हंगेरीहून, अलाबामाहून माणसं आली. एकेकाळी दहा हजारांचं गाव, आता हजारही नाहीत. बाहेर येताना आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव म्हणाले, "आई, यात चांगले कोण होते?" पोरानं मालिका पाहिलेली नाही, पण प्रश्न नेमका तोच विचारला. मी म्हटलं, "कोळसा काढणारे." तो म्हणाला, "आणि पोलिस?" मी म्हटलं, "ते कुणाकडून पगार घेतात ते आधी बघायचं."

बेनहॅमचं कोळसा संग्रहालय म्हणजे पूर्वीचं कंपनीचं दुकान. तिथं 'स्क्रिप' पाहायला मिळतात. कंपनीनं पाडलेली नाणी. पगाराआधी उचल हवी असेल तर ही मिळायची, आणि चालायची फक्त कंपनीच्या दुकानात. घर कंपनीचं, शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, नाणंही कंपनीचं. ही व्यवस्था नुसती जुलमाची होती असंही नाही. लिंच हे त्या काळी नमुनेदार गाव समजलं जाई. घरं चांगली, शाळा चांगल्या. म्हणून तर सोडून जाणं अवघड.

त्या काचेसमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. नवरा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "आपलंही असंच आहे ना? तुझी नोकरी आहे तोवर व्हिसा. नोकरी गेली तर साठ दिवस. त्यात दुसरी मिळाली नाही तर बॅगा भरायच्या. माझ्या व्हिसावर मला शिकवता येत नाही. मुलाची शाळा, घर, सगळं एका कंपनीच्या पत्रावर उभं आहे." तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "पण आपल्याला कुणी बंदूक घेऊन घराबाहेर काढत नाही गं. आणि आपण आपल्या मर्जीनं आलो." दोन्ही खरं होतं. पण अलाबामाहून लिंचला आलेला माणूसही बरा पगार पाहूनच आला असेल ना? आपल्या मंडळातल्या किती घरांत हा हिशेब रात्री उशिरा, मुलं झोपल्यावर होतो, ते मी सांगायला नको.

रात्री बाबांना फोन केला. बाबा वेकोलित तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. माझं शिक्षण, लग्न, पहिलं विमानाचं तिकीट, सगळं कोळशाच्या पगारातून. चंद्रपूरभोवतीचे उपशाच्या मातीचे ढिगारे, ज्यांना खाणीतले लोक 'ओबी' म्हणतात, ते मला लहानपणी खरे डोंगर वाटायचे. मी बाबांना डोंगर उडवण्याबद्दल तावातावानं सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कोळशाले नावं ठेवणं सोपं आहे, बाई. घरचा दिवा कशावर लागते ते पाहा आधी." मग जरा थांबून म्हणाले, "पण मजुराचा पैसा बुडवू नये. ते पाप आहे."

२०१९ मध्ये हार्लन काउंटीत नेमकं तेच झालं. एका खाण कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि कामगारांचे पगाराचे चेक बँकेतून परत आले. कोळसा भरलेली गाडी निघायच्या बेतात होती. कामगार रुळांवर जाऊन बसले. आमचा पैसा द्या, मग कोळसा न्या. बायकामुलं डबे घेऊन आली, तंबू पडले. हत्यार कुणाच्या हातात नव्हतं. मालिका संपून चार वर्षं झाली होती, नाहीतर यावर एक भाग नक्की झाला असता. फक्त त्यात रेलनला कुठं उभं करायचं, हा लेखकांपुढे पेच पडला असता.

कधी जाणार असाल तर ऑक्टोबरात जा. खाणीत गारठा असतो, मुलांना जाकीट घ्या. शाकाहारी असाल तर डबा बांधून घ्या. लिंचच्या वरून रस्ता ब्लॅक माउंटनवर चढतो. राज्यातला सर्वांत उंच डोंगर, चार हजार फुटांहून उंच, पलीकडे व्हर्जिनिया. आणि बेनहॅमच्या कोळसा संग्रहालयाच्या छपराकडे मान वर करून पाहा. २०१७ मध्ये तिथं सौर पॅनेल बसवले आहेत, विजेचं बिल कमी यावं म्हणून! मी ते बाबांना सांगितलं तेव्हा ते फोनवर किती वेळ हसत होते.

एक गोष्ट मात्र मला तिथं गेल्यावर कळली, ती मालिकेत नाही. लिंच सोडून क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागोला गेलेल्या कृष्णवर्णीय खाणकामगारांच्या कुटुंबांनी ईस्टर्न केंटकी सोशल क्लब नावाची संस्था काढली. दरवर्षी वेगवेगळ्या शहरांत त्यांचं संमेलन भरतं. गाव ओस पडलं, खाण बंद झाली, तरी पन्नास वर्षं ही माणसं एकमेकांना भेटायला येतात. जेवतात, नाचतात, कुणाचं घर कुठल्या गल्लीत होतं यावर वाद घालतात. आपल्या अधिवेशनाच्या जेवणाच्या रांगेत चालतात, अगदी तसेच.