परमुलखातला दोघांचा संसार

माणूस नोकरीतून निवृत्त झाला की त्याने पुढे काय करावे, हा प्रश्न आपल्या वस्त्यांमधून अजून नीट विचारला गेलेला नाही. गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत हाडे झिजवून आपली एक पिढी निवृत्त झाली, तेव्हा फंडाच्या पैशातून मुलीचे लग्न आणि गावाकडच्या घराचे छप्पर यापलीकडे तिला काही दिसत नव्हते. त्यात तिचा दोष नव्हता. आता दुसरी पिढी निवृत्त होत आहे. महिन्याला पेन्शन येते, हातपाय चालतात, पण दिवस खायला उठतो. अशा वेळी आम्हाला एका परदेशी वृद्ध जोडप्याची आठवण होते. त्यांचा धर्म आमचा नव्हे, त्यांचा ईश्वर आम्हाला मान्य नाही. तरीही त्यांचा दिनक्रम वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावासा वाटतो.

आमचे धाकटे बंधू बंगळूरला एका कारखान्यात नोकरीस आहेत. २०१९ च्या नोव्हेंबरात भावजयीचे बाळंतपण होते. तिची आई हयात नाही, म्हणून थोरली जाऊ या नात्याने आमच्या आयुष्यमती गेल्या आणि अर्जित रजा टाकून आम्हीही गेलो. बंधूंचे बिऱ्हाड तळमजल्यावर दोन खोल्यांत. त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे जोडपे राहत असे. आजोबा ७१ वर्षांचे, आजी ६९ वर्षांच्या. दोघेही अमेरिकेतील युटा राज्याचे. आजोबांचा पांढरा सदरा, गळ्यात टाय. दोघांच्याही छातीवर काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत आडनाव आणि चर्चचे नाव. अशा सेवेतल्या पुरुषाला 'एल्डर' आणि स्त्रीला 'सिस्टर' म्हणतात. बंधूंच्या थोरल्या मुलीने मात्र कानडी शाळेतल्या सवयीने त्यांचे 'अज्जा' आणि 'अज्जी' करून टाकले होते. आम्हीही तेच म्हणू लागलो.

ते ज्या पंथाचे, त्याचे नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. लोक त्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. शेजाऱ्यांनी त्यांना सुखाने राहू दिले नाही. १८४४ मध्ये जमावाने स्मिथ यांना तुरुंगात गोळ्या घातल्या. अखेर १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्यामागे हे लोक बैलगाड्या घेऊन युटाच्या ओसाड मुलखात जाऊन वसले. आज जगात त्यांची संख्या एक कोटी सत्तर लाखांच्या वर आहे. त्यांची तरुण मुले-मुली दीड-दोन वर्षे घरदार सोडून धर्मसेवेला जातात, हे अनेकांना ठाऊक असते. निवृत्त जोडपीही जातात, हे आम्हाला तिथेच कळले.

आम्ही पहिल्या दोन दिवसांतच सरळ विचारले, "अज्जा, तुम्ही इथे लोकांचा धर्म बदलायला आलात का?"

ते हसून म्हणाले, "घरोघर फिरणं या गुडघ्यांना जमणार नाही. मी हिशेब लिहायला आलो आहे."

खरोखरच ते हिशेब लिहीत. जोडप्याने अर्ज करायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा. घरी अठरा वर्षांखालचे मूल असता कामा नये. आपली आवड सांगता येते, पण कोणत्या देशात जायचे ते सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य कार्यालयातून ठरते. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. प्रोव्हो या गावी थोडे दिवस शिकवणी होते आणि मग रवानगी. मुख्य गोष्ट अशी की पगार नाही. राहण्या-खाण्याचा खर्च जोडप्याने आपल्या पेन्शनीतून करायचा. या दोघांनी गावाकडचे घर भाड्याने दिले होते आणि त्या भाड्यावर बंगळूरचे भाडे भरत होते. मुदत अठरा महिन्यांची, त्यातले अकरा झाले होते.

पहाटे सहाला वरचा दिवा लागे. दोघे टेबलाशी समोरासमोर बसून धर्मग्रंथाचे एकेक पान आळीपाळीने मोठ्याने वाचत, मग प्रार्थना, मग न्याहारी. सव्वाआठला अज्जा जिन्याचा कठडा धरून उतरत. मागे अज्जी पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी घेऊन. रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस अज्जी करीत, कारण अज्जांना ती जमत नसे. मग दिवसभर कचेरी. तरुण प्रचारक ठिकठिकाणी भाड्याच्या घरांत राहतात. त्यांची घरभाडी, विजेची बिले, प्रवासाच्या पावत्या हे सगळे अज्जांकडे. आम्ही बी.कॉम., तेव्हाच आमची अठरा वर्षे व्हाउचर लावण्यात गेलेली. त्यामुळे आमची गट्टी जमायला वेळ लागला नाही. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचे महसुली तिकीट लावून त्यावर सही का घ्यायची, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हते. आम्ही एका संध्याकाळी ते समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकिटांचा अख्खा पत्राच आणून ठेवला.

अज्जींचे काम वेगळे. ही तरुण पोरे नेहमी दोघांच्या जोडीने राहतात. अज्जी त्यांच्या खोल्या तपासायला जात. पाण्याची गाळणी धुतली आहे का, ओट्यावर झुरळे आहेत का, कोणाला ताप आहे, कोण घरच्या आठवणीने गप्प झाला आहे, हे सगळे वहीत टिपून ठेवत. त्या पोरांत कितीतरी आपल्या देशातलीच होती. एकाचा वाढदिवस होता, त्या दिवशी अज्जींनी आमच्या आयुष्यमतींना बोलावून रव्याचा शिरा शिकून घेतला.

खाण्यापिण्यावरून मात्र पहिल्या भेटीत आमच्या घरात पंचाईत झाली होती. आलेल्याला चहा दिला नाही तर आपल्याला चैन पडत नाही. आणि हे लोक चहा पीत नाहीत, कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू नाही. १८३३ पासूनचा त्यांचा तो नियम आहे. मग लिंबाचे सरबत ठरले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते दोन वेळचे जेवण सोडतात आणि त्या जेवणाचा वाचलेला पैसा गरिबांसाठी देतात. शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्माला. रविवारी दोन तासांची सभा. तिथे पगारी पुरोहित नाही. सभासदांपैकीच कोणीतरी उठून बोलतो. आज कारकून, पुढच्या रविवारी परिचारिका, त्यापुढे कॉलेजातला पोरगा.

दोघांना पाच मुले आणि सतरा नातवंडे. रविवारी सकाळी साडेसात वाजता आपल्याकडे नळाला पाणी यायची वेळ, तेव्हा तिकडे आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असत. त्या वेळी फोनच्या पडद्यावर एकेक नातवंड येऊन तोंड दाखवून जाई. आमच्या भावजयीला मुलगा झाला त्याच आठवड्यात तिकडे अज्जींच्या धाकट्या लेकीलाही मुलगी झाली. अज्जींनी ती पडद्यावर पाहिली. मग त्या खाली आल्या, हात धुतले आणि आमचा पुतण्या मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. काही बोलल्या नाहीत. आमच्या आयुष्यमतींनीही त्यांना काही विचारले नाही.

बाळासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली होती. अज्जींनी ती पाहिली आणि त्यांचे डोळे लकाकले. त्यांच्या मुलखातही बायका एकत्र बसून तुकडे जोडून अशीच पांघरुणे शिवतात. मग रोज संध्याकाळी दोघी समोरासमोर बसून धावदोरा घालू लागल्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही. दोऱ्याची गाठ कशी मारायची यावर मात्र त्यांचा चांगला वाद होई.

एकदा अज्जींनी सांगितले, की त्यांच्या मंदिरात लग्न लागले की ते मरणानंतरही टिकते, नवरा-बायको कायमचे एकत्र राहतात. आम्ही त्याचे मराठी केले. आयुष्यमती म्हणाल्या, "त्यांना सांगा, सात जन्मांचा वड आमच्या आजेसासूबाईंनीच सोडला. एवढा एक जन्म नीट निभावला तरी पुष्कळ झालं." आम्ही ते जसेच्या तसे सांगितले. अज्जा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अज्जी मात्र विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "हेही खरंच आहे."

पण आमच्या मनात एक प्रश्न होता आणि तो विचारल्यावाचून आम्हाला परत यायचे नव्हते. या चर्चने कृष्णवर्णीय पुरुषांना सव्वाशे वर्षांच्या वर पौरोहित्याचा अधिकार नाकारला होता. एरव्ही त्यांच्यात बारा वर्षांच्या मुलालाही तो मिळत असे. जून १९७८ मध्ये ही बंदी उठली. निघण्याच्या आधी तीन दिवस आम्ही अज्जांना त्याबद्दल विचारले.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी एकोणीस वर्षांचा असताना पहिल्यांदा या कामाला गेलो, तो ब्राझीलला. तिथे आम्हाला लोकांच्या घराण्यात आफ्रिकी रक्त आहे का, ते बघावं लागे. भिंतीवरच्या आजा-आजीच्या तसबिरी आम्ही बघायचो. एक सुतार होता. त्याची बायको आम्हाला दर आठवड्याला जेवू घालायची. त्याने आमचा धर्म घेतला. पण रविवारच्या सभेत पाव आणि पाणी वाटतात ना, ते त्याला कधीच वाटता आलं नाही. आमच्यातली पोरंटोरं वाटायची आणि तो हात पुढे करून घ्यायचा."

आम्ही विचारले, "तेव्हा तुम्ही काही बोललात का?"

"नाही," ते म्हणाले. "१९७८ साली रेडिओवर बातमी ऐकली तेव्हा रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि रडलो. पण रडणं म्हणजे बोलणं नव्हे."

वाचकहो, पाणी कोणाच्या हातचे आणि कोणाच्या हातचे नाही, या प्रश्नासाठी आपल्या आज्या-पणज्यांची पिढी १९२७ मध्ये महाडला गेली होती. त्यामुळे त्या सुताराचा पुढे केलेला हात आम्हाला वेगळा समजावून घ्यावा लागला नाही. २०१३ मध्ये या चर्चने त्या बंदीच्या समर्थनार्थ पूर्वी दिली जाणारी कारणे आपण मानत नाही, असे लेखी जाहीर केले. स्त्रियांना मात्र त्यांच्यात आजही पौरोहित्य नाही. अज्जींना आम्ही त्याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांना त्याची उणीव भासत नाही. आमच्या आयुष्यमतींना ते उत्तर पटले नाही आणि त्यांनी तसे तोंडावर सांगितले. तरी संध्याकाळी दोघी पुन्हा गोधडीवर बसल्या.

मार्च २०२० मध्ये करोना पसरला आणि या चर्चने परदेशी सेवेतल्या आपल्या बहुतेक लोकांना मायदेशी बोलावून घेतले. बंधूंनी फोनवर सांगितले, की दोघांना दोन दिवसांत सामान बांधावे लागले. मुदतीतले तीन महिने राहून गेले. जाताना अज्जांनी हिशेबाच्या वह्या पुऱ्या करून, पुढच्या माणसासाठी कोणती पावती कुठे आहे याची चार पानी यादी लिहून ठेवली होती. ज्याने आयुष्यभर कारकुनी केली आहे, त्यालाच या चार पानांची किंमत कळेल.

त्यांच्याकडून आपण काय घ्यावे? श्रद्धा नव्हे. ती त्यांची त्यांना लखलाभ. भेदाला साथ देणारे मौन तर मुळीच नव्हे. पण वृद्धपण हा सेवेचा काळ आहे आणि तो नवरा-बायकोने मिळून काढायचा आहे, ही गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्याला ती परक्यांकडून शिकावी लागावी, असेही नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५४ मध्ये ब्रह्मदेशच्या बुद्ध शासन परिषदेला जे टिपण दिले, त्यात गावोगाव फिरून धम्म सांगणारे उपासक नेमावेत आणि ते विवाहित असले तरी चालतील, असे सुचवले होते. धर्मांतरानंतर नागपूरच्या भाषणात त्यांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याविषयी सांगितले. त्यांच्यात दहावा देतात, आपल्याला विसावा सांगितला आहे. आपल्यापैकी किती घरांत तो वेगळा काढून ठेवला जातो, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे.

अमेरिकेतल्या पेन्शनवाल्याला जे जमते ते आपल्या सफाई कामगाराला जमणार नाही, हे आम्ही जाणतो. अठरा महिने परदेशी राहण्याची ऐपत आपल्यात थोड्यांची. पण तीन महिने आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या गावी जाऊन राहणे जमू शकते. विहाराचा जमाखर्च लिहून देणे, मुलांना गणित शिकवणे, म्हाताऱ्या माणसांचे पेन्शनचे आणि निराधार योजनेचे अर्ज भरून देणे, बायकांच्या बचत गटाच्या वह्या तपासणे. याला पदवी लागत नाही, पुढारीपण लागत नाही, व्यासपीठ तर मुळीच लागत नाही. सकाळी वेळेवर उठणे आणि जिन्याचा कठडा धरून खाली उतरणे एवढे लागते.

आमच्या निवृत्तीला अजून दहा वर्षे आहेत. आम्ही उभयतांनी मात्र आतापासून एक पासबुक वेगळे काढले आहे. त्यात दर महिन्याला थोडी रक्कम पडते. गाव कोणते, हे अद्याप ठरलेले नाही. आयुष्यमतींची अट एकच आहे, की तिथे नळाला पाणी असावे. आणि नसेल, तर पहिला अर्ज पाण्याचाच लिहायचा, असे ठरले आहे.